शंभरावी युक्ती

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाप तिला पाचर म्हणायचा. बाप सुतार, आणि ही पोर कुठेही दोन माणसं काम करत असली की मधल्या फटीत जाऊन घट्ट बसायची, म्हणून पाचर. सुताराच्या घरात मुलीला मुद्दाम कुणी काही शिकवत नाही, पण फळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. पाचरने आठव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत ते दुसरं टोक धरलं. आणि दुसरं टोक धरणाऱ्याला पहिल्या टोकाला काय चाललंय ते सगळं दिसतं.

लग्न झालं ते कारकुनांच्या घरात. सासऱ्याची कारकुनी, दिराची कारकुनी, नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून. पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराच्या दाराची बिजागरी सैल झाली म्हणून पाचर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली, तर सासू म्हणाली, "ठेव ते खाली. आमच्याकडे खिळा ठोकायलासुद्धा माणूस बोलावतात." पाचरने ठेवलं. माणूस चार दिवसांनी आला. तोवर दार हाताने उचलून लावावं लागायचं.

पुढे बाप गेला. भाऊ मोटारी दुरुस्त करायचा, त्याला लाकडाचं प्रेम नव्हतं. त्याने हत्यारांची पेटी बहिणीच्या दारात आणून ठेवली. "भंगारात घालवत नाही. तूच सांभाळ." तीन रंधे, सात पटाश्या, दोन करवती, एक गुण्या, आणि बापाच्या तळव्याने झिजून मध्ये बारीक झालेल्या दांड्याची हातोडी. पेटी मागच्या खोलीत गेली, तिच्यावर गोणपाट आलं आणि गोणपाटावर कांदे-बटाटे.

नवऱ्याला पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाला, "काहीतरी छंद लावून घ्या. हाताला काम द्या, डोकं आपोआप थंड होईल." नवऱ्याने आठ दिवस विचार केला आणि एका रविवारी गोणपाट बाजूला करून पेटी उघडली. सासू तोवर राहिली नव्हती. पहिलाच खिळा फळीच्या कडेला ठोकला आणि फळी उभी चिरली. दुसरा ठोकला, दुसरी चिरली.

पाचर दारात उभी होती. "आधी खिळ्याचं टोक ठोकून जरा बोथट करा," ती म्हणाली.

"बोथट? मग तो जाईल कसा आत?"

"जाईल. टोकदार खिळा लाकडाच्या रेषा बाजूला सारत जातो, म्हणून फळी उलते. बोथट खिळा रेषा चुरडत जातो."

नवऱ्याने करून पाहिलं. खिळा गेला, फळी शाबूत राहिली. त्याने बायकोकडे असं पाहिलं, की लग्नानंतर पंचवीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. पाचरला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

तिथून सुरू झालं. स्क्रू जड जातोय? साबणावर घासून घ्या. बिजागरीचं भोक मोठं झालंय? काडेपेटीच्या काड्या सरसात बुडवून भोकात बसवा, वाळू द्या, मग पिळा. टेबलावर काहीतरी आदळून खळगा पडलाय? ओलं फडकं ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा, दबलेलं लाकूड वाफेने फुगून वर येतं. खुर्चीचा पाय चिकटवायचा आणि दाबून धरायला शिकंजा बसत नाही? सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळा. चूक, म्हणजे बारका खिळा, धरायला बोटं पुरत नाहीत? चूक कंगव्याच्या दातांत अडकवा आणि हाणा. कंगवा मोडला तर मोडला, अंगठा वाचतो. काही बापाचं होतं, काही पाचरचं स्वतःचं. कंगवा आणि इस्त्री तिचीच, बापाच्या दुकानात कुठून यायची इस्त्री! भाजी चिरता चिरता ती ओरडून सांगायची आणि मागच्या खोलीतून "हां, झालं!" असं उत्तर यायचं.

घरात दोघंच असली की ती स्वतःही रंधा हाती घ्यायची. मुलगी लग्न होऊन गेलेली, घर रिकामं. फाटकाचा आवाज झाला की मात्र रंधा नवऱ्याच्या हातात जायचा आणि ती स्वयंपाकघरात. असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप व्हायचं, आणि आपोआप होणाऱ्या गोष्टींना विचारणार कोण?

मग कचेरीतल्या कुणाच्या ओळखीने एका साप्ताहिकात सदर सुरू झालं. घरच्या सुतारखोलीसाठी, दर आठवड्याला; लोकांच्या अडचणींना उत्तरं आणि महिन्या-दीड महिन्याने एक नवी युक्ती. वाचकांची पत्रं येऊ लागली. कुणीतरी पत्रात 'युक्तीकाका' म्हटलं आणि ते नाव चिकटलं, इतकं की भाजीवालाही म्हणू लागला. दर बुधवारी युक्तीकाका स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "अगं, या आठवड्यात काय देऊया?" त्या 'देऊया'मध्ये दोघं होती. छापून यायचं त्यात एकच असायचं.

पाचरने बरेच दिवस मनाला लावून घेतलं नाही. नवरा-बायकोत माझं-तुझं काय करायचं? एकदा बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते आणि युक्तीकाका सांगत होते, "साबणाची कल्पना मला आंघोळ करताना सुचली बरं का! अंगाला साबण लावत होतो आणि एकदम डोक्यात आलं, स्क्रूला का नाही?" पाहुणे खो खो हसले. आत पाचरही हसली, कारण त्यांनी सांगितलं खरंच छान. पाहुणे गेल्यावर कपबश्या विसळताना मात्र तिचं हसू कुठे गेलं ते तिलाच कळलं नाही. माणूस थाप मारतो ते एक वेळ ठीक. पण ही थाप त्याला आता खरी वाटू लागली होती.

अकरा वर्षं सदर चाललं. नवरा निवृत्त झाला. मग साप्ताहिकाच्या मालकांनी पुस्तक काढायचं ठरवलं. शंभर युक्त्या पाहिजेत, म्हणाले. शंभर म्हटलं की पुस्तक खपतं. मोजून झाल्या नव्व्याण्णव. आणि नेमकी पाचर मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी जाऊन बसलेली, महिनाभर. छापखाना घाई करत होता. तेव्हा युक्तीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा एक युक्ती स्वतःच्या डोक्याने काढली.

पुस्तक घरी आलं. चकचकीत वेष्टण, आत त्यांचा फोटो, हातात बापाचा रंधा. पाचरने हात पुसून पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उलटलं. तिथे अर्पणपत्रिका होती: 'घरभर उडणारा भुसा अठरा वर्षं विनातक्रार झाडणाऱ्या माझ्या पत्नीस.'

"कसं वाटलं?" युक्तीकाकांनी विचारलं. डोळ्यांत लहान मुलासारखी आशा होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं आणि पुन्हा उघडलं नाही. आत काय आहे ते तिला वेगळं वाचायची गरज काय होती?

*

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी फाटकाशी एक माणूस उभा राहिला. साठीचा, काळा, रुंद खांद्यांचा. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत गुलाबी, ताणलेली, नवी कातडी. डाव्या हातात कापडी पिशवी. "युक्तीकाका इथेच राहतात ना? मी बसड्रायव्हर होतो. आता निवृत्त."

असे वाचक येत असत. युक्तीकाकांनी त्याला बसवलं, आत हाक मारली, "अगं, पाणी आण."

ड्रायव्हरने पिशवीतून पुस्तक काढलं. त्याच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. त्याने ते टीपॉयवर ठेवलं आणि डाव्या हाताने शेवटचं पान उघडलं.

"काका, मी तुमचा जुना वाचक. तुमच्या पन्नासेक युक्त्या करून पाहिल्यात. एक फसली नाही. म्हणून ही पण केली." आणि त्याने वाचून दाखवलं, जसं शाळेतला मुलगा वाचतो तसं, बोट ठेवून: 'लाकडाला जवसाचं तेल दिल्यानंतर तेलाच्या चिंध्या इकडेतिकडे वाळत घालू नयेत. गोळा करून पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून भराव्यात आणि खोकं टेबलाखाली सरकवावं. खोली नीटनेटकी दिसते आणि चिंध्यांतलं तेल पुढच्या वेळी कामी येतं.'

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली पाचर उंबऱ्यावर थबकली.

"दुपारी एक शेल्फ तेल देऊन पूर्ण केलं," ड्रायव्हर सांगत होता. "चिंध्या खोक्यात दाबल्या. जेवलो, जरा आडवा झालो. ना विडी, ना दिवा, ना शेगडी. चारला धुराने जाग आली. खोक्यातूनच पेटलं होतं, टेबल खालून जळत होतं. त्याच खोलीत बायकोचं शिवणयंत्र. तिचं सगळं त्याच्यावर चालायचं. ते ओढायला गेलो, तेव्हा हे झालं." त्याने हात वर केला. "दोन बोटं वळत नाहीत. बंबवाल्यांचा साहेब म्हणाला, ते तेल वाळताना तापतं. चिंध्या दाबून ठेवल्या की ऊब बाहेर पडत नाही, चिंध्या आपोआप पेट घेतात. म्हणाला, हे तर कुठलाही सुतार सांगेल."

कुठलाही सुतार! बापाच्या दुकानामागे दोरी होती, तिच्यावर तेलाच्या चिंध्या एकेक सुट्या टांगलेल्या असायच्या. आठ वर्षांची पाचर पाटावर उभी राहून त्या टांगायची. या घरीही तीच टांगत आली होती, मागच्या अंगणात. 'काय ते दळभद्री दृश्य, लोक येतात जातात,' असं युक्तीकाका किती वेळा कुरकुरले होते.

"मी भांडायला नाही आलो, काका," ड्रायव्हर म्हणाला. "एवढंच विचारायला आलो, की हे लिहिलंत कशावरून?"

युक्तीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पान पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली.

"ही एक..." ते म्हणाले. "ही एक युक्ती माझी नाही. ही हिची."

त्यांनी पुस्तक मिटलं.

"मी म्हटलं, बायकांना नीटनेटकेपणाची हौस असते, तिचीही एक असू दे पुस्तकात. मी तपासायला हवी होती. विश्वासाने घेतली. माझी चूक तेवढीच."

ड्रायव्हरने मान वळवली. "ताई, तुम्ही?"

पाचरच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, का नाही फुटला? चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही हे इतकं मुरलेलं, की जीभ हललीच नाही. ती नुसती तांब्या धरून उभी राहिली, आणि समोरच्या माणसाला तेच कबुलीसारखं दिसलं. त्याने मान हलवली, पाणी न पिता उठला. जाताना पुस्तक टीपॉयवरच राहिलं.

फाटक वाजलं तेव्हा पाचर म्हणाली, "मी कधी सांगितलं तुम्हाला असं?"

"हळू बोल."

"मी कधी सांगितलं?"

"हे बघ," युक्तीकाका खुर्चीत टेकले. "माझं चार लोकांत नाव आहे. अकरा वर्षं खपून कमावलंय. उद्या हा माणूस पेपरात गेला तर? तुझं काय जाणार आहे त्यात? तुला कोण ओळखतं?"

पाचर त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस वाईट नव्हता. तिच्या दुखण्यात रात्ररात्र उशाशी बसला होता. मुलीच्या लग्नात ढसाढसा रडला होता. आणि आत्ता जे बोलला ते वाईट हेतूने बोलला नव्हता, हिशेबाने बरोबरच होतं ते. खरंच, तिला कोण ओळखत होतं?

पुढच्या आठवड्यात सदराच्या खाली चौकटीत दुरुस्ती आली. शंभरावी युक्ती कुणी वापरू नये; ती लेखकाच्या पत्नीने सुचवलेली असून अनवधानाने समाविष्ट झाली, लेखक दिलगीर आहे. पाचरचं पूर्ण नाव छापलं होतं, शाळेच्या दाखल्यावरचं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, अगं तुझं नाव छापून आलं की शेवटी!" ती हसली, मग गंभीर झाली. "पण असं कसं गं सांगितलंस बाबांना? किती मनस्ताप झाला त्यांना. आवाज ऐकलास त्यांचा?"

"ऐकला," पाचर म्हणाली. "बाळ झोपलंय का?"

*

ड्रायव्हरचा पत्ता पुस्तकातच होता. पहिल्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरात घातला होता. दुसऱ्या दिवशी पाचर दोन बस बदलून तिथे गेली. घरात सांगितलं नाही.

लहानसं बैठं घर, बाजूला जळकी खोली. खोलीचं छप्पर काढून टाकलेलं, भिंतींवर काळे ओघळ. अंगणात शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा उभा होता. वरचं यंत्र वाचलेलं, पण त्याचं लाकडी टेबल, खणासकट, कोळसा झालेलं. ड्रायव्हरची बायको पायरीवर बसून हाताने एका सदऱ्याची कड शिवत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा सुईकडे पाहिलं.

ड्रायव्हर मात्र उठून उभा राहिला. "या ताई, या! तुम्ही कशाला त्रास घेतलात एवढ्या लांब?"

"मला सांगायचं होतं," पाचर म्हणाली. बसमध्ये तिने वाक्य घोळून घोळून तयार केलं होतं. "ती युक्ती माझी नाही. बाकीच्या नव्व्याण्णव माझ्या आहेत. ती एक माझी नाही."

ड्रायव्हर क्षणभर बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर मोठं, दयाळू हसू आलं.

"ताई, कशाला मनाला लावून घेता? होते चूक माणसाच्या हातून. मीही एकदा बस चढवली होती फुटपाथावर. मी तुम्हाला तेव्हाच माफ केलंय. काकांनी किती मोठ्या मनाने छापलं, बायकोची चूक असून स्वतः माफी मागितली!"

"अहो, पण माझं ऐका तरी..."

"झालं गेलं, सोडून द्या. चहा घ्याल ना?" तो आत जायला वळला आणि घराचं दार खांद्याने ढकललं. दार खालून अडलं. दुसऱ्यांदा ढकललं तेव्हा कर्रकन उघडलं. "बंबाच्या पाण्याने फुगलंय. सगळीकडून तासावं लागणार, आणि माझा हात तर हा असा."

पाचरचे पाय आपोआप दाराशी गेले. तिने कडेवरून बोट फिरवलं. "सगळीकडून नका तासू. चौकटीला खडू फासा आणि दार लावून उघडा. दाराला जिथे खडू लागेल तिथेच अडतंय. तेवढंच तासायचं."

"पान बेचाळीस!" ड्रायव्हर आनंदाने ओरडला. "काकांची युक्ती! वा ताई, तुम्हीपण पुस्तक वाचलंत म्हणायचं."

त्याचा एक रंधा आगीतून वाचला होता, तो तिने मागून घेतला. पातं काढून पायरीच्या दगडावर धार लावली, खडू लावून दोन जागा शोधल्या आणि पंधरा मिनिटांत दार मोकळं केलं. लाकडाचा कीस लांब, पातळ, सलग निघत होता. ड्रायव्हर तोंडभरून म्हणाला, "काकांनी छान शिकवलंय तुम्हाला."

तिला पोचवायला फाटकापर्यंत आली ती त्याची बायको. एवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नव्हती. फाटकाची कडी काढता काढता खालच्या आवाजात म्हणाली, "सगळ्या तुमच्याच ना?"

पाचर गर्रकन वळली.

"तुमचे हात बघत होते मी. त्यांना नाही कळायचं, भाबडे आहेत. तुमच्याच ना त्या युक्त्या?"

"माझ्याच," पाचर म्हणाली. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. "माझ्या आणि माझ्या वडिलांच्या. ती शेवटची तेवढी नाही."

"मग छापून आल्यावर वाचलीत का नाहीत?"

पाचर फाटकाच्या कडीकडे बघू लागली.

"तुम्ही वाचली असती तर तुम्हाला कळलं असतं. बरोबर ना? घरात पुस्तक होतं. तुम्हाला कळलं असतं, तुम्ही सांगितलं असतं, आणि यांचा हात राहिला असता." ती चिडून बोलत नव्हती. कापड मापून घ्यावं तसं बोलत होती. "रुसला होता का नवऱ्यावर?"

"हो."

"वाटलंच," बाई म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

*

त्या बुधवारी युक्तीकाका नेहमीसारखे दारात आले. "अगं, या आठवड्यात काय देऊया?"

"मला काय माहीत?" पाचर म्हणाली.

त्यांना वाटलं, थट्टा करतेय. पुढच्या बुधवारी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या बुधवारी ते रागावले, चौथ्या बुधवारी गयावया करू लागले. "एवढी अढी धरावी का माणसाने? या वयात?" तिने फोडणीवर झाकण ठेवलं. त्यांनी जुन्याच युक्त्या शब्द फिरवून दिल्या. वाचकांनी कळवलं, काका, ही झालीये.

तोवर पाचरने मागच्या खोलीचा ताबा घेतला होता. दाराला आतून कडी बसवली, स्वतः. युक्तीकाका बाहेरून म्हणाले, "अगं, ही माझी सुतारखोली आहे!" आतून उत्तर आलं, "हत्यारं माझ्या बापाची आहेत," आणि मग करवतीचा आवाज. पाच आठवडे ती रोज दुपारी आत जायची. युक्तीकाका दाराशी कान लावून उभे राहायचे. काहीतरी कापलं जातंय, काहीतरी घासलं जातंय, एवढंच कळायचं. आवाजावरून काम ओळखायला ते काम केलेलं असावं लागतं.

शिवणयंत्राचं टेबल तयार झालं तेव्हा तिने टेम्पो बोलावला आणि घेऊन गेली. सांध्यात खिळा नाही, कडा गोल, उजवीकडे एक खण. ड्रायव्हर आणि टेम्पोवाल्याने मिळून यंत्र त्यावर चढवलं. मापं तिने पहिल्या भेटीत नजरेनेच घेतली होती; यंत्र चपखल बसलं. ड्रायव्हर हरखून गेला. "काकांना माझा नमस्कार सांगा! एवढं कोण करतं हो आजकाल?"

त्याच्या बायकोने खण ओढला, आत ढकलला, पुन्हा ओढला. पाचर श्वास रोखून बघत होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"छान सरकतो," बाई म्हणाली. "आधीचाही असाच सरकायचा."

तेवढंच. मग तिने खुर्ची ओढली आणि राहिलेल्या सदऱ्याची कड यंत्रावर घ्यायला बसली. ड्रायव्हर सुईत दोरा ओवून द्यायला पुढे झाला. रोजचं काम असणार त्याचं. पण त्या दोन बोटांत दोरा ठरेना. तीनदा खाली पडला. बायकोने काही न बोलता दोरा काढून घेतला आणि स्वतः ओवला. पाचर निघाली.

घरी युक्तीकाका वाटच बघत होते. "कुठे गेली होतीस? काय नेलंस टेम्पोतून?"

तिने सांगितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"नमस्कार सांगितलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी तरतरी आली. लगेच कागद घेऊन बसले. पाचरला तो कागद दुसऱ्या दिवशी टेबलावर दिसला, पाकिटात घालायचा राहिलेला. पूर्वी तिने अशा कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आता तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लिहिलं होतं, की त्या दुर्दैवी घटनेची भरपाई म्हणून आम्ही एक टेबल करून दिलं, माझ्या देखरेखीखाली पत्नीने त्यात हातभार लावला, आणि ओघात एक नवी युक्ती: सरस लवकर वाळावा म्हणून सांधा शेगडीजवळ ठेवावा.

पाचरने कानामागची पेन्सिल काढली. टेबलाचा परिच्छेद खोडला. शेगडीची ओळ खोडली, दोनदा. खाली काही लिहिलं नाही.

"हे काय?" युक्तीकाका म्हणाले. "चुकलंय का? मग बरोबर काय ते सांग ना!"

"चुकलंय एवढं सांगितलं."

"पण बरोबर काय?"

ती आत निघून गेली. आता दर आठवड्याला असंच चालतं. ते लिहितात, कागद टेबलावर ठेवतात आणि अंगणात येरझाऱ्या घालतात. न ठेवता पाठवायची त्यांची छाती होत नाही. ती एकेक शब्द वाचते, ज्याने कुणाचा हात जाईल ते खोडते, जे खोटं आहे ते खोडते, आणि खरं काय ते सांगत नाही. मुलगी फोनवर म्हणते, आई, बाबा खंगत चाललेत गं. पाचर म्हणते, त्यांना म्हणावं फुलझाडं लावा, डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात सदर चार ओळींचं आलं. त्यातल्या दोन ओळींत वाचकांना शुभेच्छा होत्या.